फोनचं पाप झाडं लावून फिटतं का?

ताई,

मी ३१ वर्षांची आहे, सॉफ्टवेअर टेस्टिंगमधे आठ वर्षं झाली. दिवसाचे दहा-अकरा तास स्क्रीनसमोर जातात, ऑफिसचा लॅपटॉप वेगळा, घरचा वेगळा, आणि गेल्या वर्षभरात कामात एआय इतकं घुसलंय की साधा मेल लिहायलाही आधी तेच उघडलं जातं. मागच्या महिन्यात ड्रॉवर आवरताना तीन जुने फोन, एक बंद पडलेला टॅब आणि मोजून अकरा चार्जर निघाले. एका फोनची तर बॅटरी फुगलेली. तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय की हे सगळं कुठून आलं आणि आता कुठे जाणार. एआय आणि इंटरनेट ज्या कॉम्प्युटरांवर चालतं त्या डेटा सेंटरला किती वीज आणि पाणी लागतं ते वाचलं, मग तर एआयला काही विचारतानाही अपराधी वाटायला लागलं.

म्हणून ठरवलं की जवळपासच्या एखाद्या पर्यावरण ग्रुपमधे जायचं, निदान थोडी भरपाई होईल. पण दोन वर्षांपूर्वी ऑफिसतर्फे झाडं लावायला गेले होते, तिथे फोटो झाल्यावर सगळे पांगले, पुढे त्या झाडांचं काय झालं कोणालाच माहीत नाही. शिवाय मी चारचौघांत बोलणारी नाही, घोषणा-बिषणा मला जमणार नाहीत. आणि माझा भाऊ म्हणतो हातात स्मार्टफोन धरून पर्यावरणाच्या गप्पा म्हणजे ढोंग, आधी फोन सोड मग बोल. ते मनाला लागलंय, कारण त्यात तथ्य आहे असं मलाच वाटतं. रविवारचे दोन तास सोडले तर वेळ नाही. तर मी जाऊ का, कुठल्या ग्रुपमधे जाऊ, आणि मी जे वापरते त्याची भरपाई व्हायला साधारण किती करावं लागेल?

— अस्वस्थ

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या शेवटच्या ओळीपाशी थांबले, भरपाई व्हायला किती करावं लागेल. बाकीचं सगळं सोपं आहे, अवघड तेवढंच आहे, म्हणून आधी तेच घेते. जायचं का? हो, जा, याच रविवारी जा. पण कर्ज फेडायला निघाल्यासारखी जाऊ नकोस, कारण हे कर्ज त्या रस्त्याने फिटत नाही आणि फिटत नाही हे कळलं की माणूस दोन महिन्यांत घरी बसतो. मी अशी कितीतरी माणसं येताना आणि जाताना पाहिलीत, अगदी मनापासून आलेली.

हिशोबच करायचा तर करून बघू. फोन बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या स्वतःच आपल्या मॉडेल्सचा हिशोब जाहीर करतात, त्यात चांगल्या स्मार्टफोनचं आयुष्यभराचं उत्सर्जन साधारण ५० ते ७० किलो कार्बन डायऑक्साइडएवढं निघतं, आणि त्यातले जवळपास पाचातले चार भाग तो फोन तुझ्या हातात पडायच्या आधीच होऊन गेलेले असतात. खाणीत, चिप बनवायच्या कारखान्यात, जोडणीत. तू रोज रात्री चार्जिंगला लावतेस त्याचा वाटा त्यामानाने अगदी लहान. दुसरीकडे, चांगलं वाढलेलं झाड वर्षाला वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं असा एक ढोबळ आकडा सगळीकडे फिरत असतो. झालं, लोक भागाकार करतात, एका फोनला तीन झाडं, लॅपटॉपला दहा-बारा, लावली की मोकळे. पण तो आकडा वाढलेल्या झाडाचा आहे, गुडघ्याएवढ्या रोपाचा नाही, रोपाला तिथवर पोचायला कितीतरी वर्षं लागतात, आणि तुझ्या ऑफिसने लावलेल्या रोपांसारखी ती मधेच वाळली तर काहीच शोषलं जात नाही. कार्बन मात्र आजच हवेत गेलेला असतो.

आणि समजा तीनही झाडं जगली, तरी झाड फार तर कार्बनचा हिशोब करेल. चिलीच्या अटाकामा वाळवंटात जमिनीखालचं खारं पाणी उपसून मोठमोठ्या उघड्या तळ्यांत उन्हाने आटवून फोनच्या बॅटरीला लागणारं लिथियम काढतात, जगातल्या सर्वात कोरड्या जागांपैकी एक आहे ती, तिथल्या पाण्याची भरपाई तुझ्या घरामागचं झाड कशी करणार? बॅटरीलाच लागणारं कोबाल्ट, जगातलं निम्म्याहून कितीतरी जास्त, काँगोच्या खाणींतून येतं, तिथे हाताने खणणाऱ्या माणसांच्या फुफ्फुसांची भरपाई कशाने होते? म्हणून भरपाई हा शब्द मला या कामात नको वाटतो. झाडं लावू नकोस असं मी अजिबात म्हणत नाही, झाडं झाडांसाठी लाव, सावलीसाठी लाव, पाखरांसाठी लाव, फोनची पावती म्हणून लावू नकोस.

फोनच्या बाबतीत जो खरा फरक तू एकटी करू शकतेस तो एकच आणि तो कंटाळवाणा वाटेल इतका साधा आहे, आहे तो फोन अजून वापर. युरोपियन एन्व्हायर्नमेंटल ब्युरो या पर्यावरण संस्थांच्या संघटनेने २०१९ मधे गणित मांडलं होतं की युरोपियन युनियनमधले सगळे स्मार्टफोन फक्त एक वर्ष जास्त वापरले तर २०३० पर्यंत दर वर्षी २१ लाख टन कार्बन डायऑक्साइड वाचेल, दहा लाखांहून जास्त गाड्या रस्त्यावरून उतरवल्यासारखं. एक वर्ष फक्त. बॅटरी बदलून, कव्हर लावून, स्टोरेज रिकामं करून. लॅपटॉपचंही तेच.

आता एआय. तू एक प्रश्न विचारतेस त्याने जग बुडत नाही आणि तू नाही विचारलास तर वाचतही नाही, पण म्हणून तुझी अस्वस्थता खोटी ठरत नाही, तिचा रोख फक्त चुकलाय. इंटरनॅशनल एनर्जी एजन्सीच्या अंदाजानुसार २०२४ मधे जगातल्या डेटा सेंटर्सनी ४१५ टेरावॅट-तासांच्या आसपास वीज वापरली (एक टेरावॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातले शंभर कोटी युनिट), जगातल्या एकूण विजेच्या दीड टक्का, आणि २०३० पर्यंत हा आकडा ९४५ च्या आसपास जाईल असं त्यांचं म्हणणं आहे. जगाच्या पातळीवर दीड टक्का थोडाच वाटतो. पण ही केंद्रं जगभर सारखी पसरलेली नसतात, ती एकेका भागात गोळा होतात. आयर्लंडमधे २०२३ साली देशातल्या मीटरवर मोजलेल्या विजेपैकी २१ टक्के वीज एकट्या डेटा सेंटर्सनी घेतली, शहरांतल्या सगळ्या घरांनी मिळून १८ टक्के. म्हणजे हा प्रश्न कागदावर जागतिक आहे पण प्रत्यक्षात तो कुठल्यातरी एका गावाच्या विजेचा, एका तलावाच्या पाण्याचा, एका वस्तीशेजारच्या डिझेल जनरेटरच्या धुराचा असतो. आणि म्हणूनच स्थानिक ग्रुपची गरज पडते. तू एकटी कंपनीला मेल पाठवलास तर आभाराचा ठरीव मेल येईल. पण जिथे असं केंद्र येऊ घातलंय तिथले पन्नास लोक परवानगीच्या सुनावणीला बसले आणि विचारलं की पाणी किती घेणार, उन्हाळ्यात किती घेणार, ते पिण्याचं आहे की प्रक्रिया केलेलं सांडपाणी, वीज कशापासूनची, जनरेटर महिन्यातून किती वेळा चालवून बघणार, तर ती उत्तरं लेखी मागता येतात आणि लेखी मिळालेलं पुढे धरून ठेवता येतं. असे प्रश्न बनवायला कोण लागतं सांगू? शंभर पानांचं तांत्रिक कागदपत्र वाचून त्यात कुठे मेख आहे ते हुडकणारं माणूस. टेस्टर. आठ वर्षं तू दुसरं काय करतेस?

हेच मला तुला सांगायचंय खरं तर. तू लिहिलंयस की तू बोलणारी नाहीस, घोषणा जमणार नाहीत. अगं, बोलणारे प्रत्येक ग्रुपमधे गरजेपेक्षा जास्तच असतात. दुष्काळ असतो तो नीट लिहून ठेवणाऱ्यांचा. काय बिघडलं, कधी बिघडलं, काय केल्यावर बिघडलं, पुन्हा करून बघितल्यावर पुन्हा बिघडलं का, हे तू दिवसभर लिहितेस, तुमच्यात त्याला बग रिपोर्ट म्हणतात. बाहेर हे काम करणारी माणसं शोधून सापडत नाहीत.

दुरुस्तीच्या ग्रुपचं उदाहरण देते, कारण तुझ्या ड्रॉवरसाठी तोच सगळ्यात जवळचा आहे. मार्टिन पोस्टमा नावाच्या बाईंनी २००९ मधे ॲम्स्टरडॅममधे पहिला रिपेअर कॅफे भरवला, कल्पना अगदी साधी, लोकांनी बिघडलेल्या वस्तू घेऊन यायच्या, दुरुस्ती येणारे स्वयंसेवक टेबल मांडून बसणार, आणि वस्तू तिथे ठेवून निघून जायचं नाही, शेजारी बसून बघायचं, हात लावायचा, शिकायचं. आज जगभर असे हजारो ग्रुप आहेत, काही त्याच नावाने, काही नुसतेच कोणाच्या तरी हॉलमधे महिन्यातून एकदा जमणारे. यातल्या बऱ्याच ठिकाणी आलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद होते, कोणती कंपनी, किती वर्षं जुनी, काय बिघडलं, दुरुस्त झाली का, नाही तर का नाही. लंडनच्या रीस्टार्ट प्रोजेक्टसारख्या संस्था या नोंदी ओपन रिपेअर अलायन्स म्हणून एकत्र करून सगळ्यांसाठी खुल्या ठेवतात. पार्ट मिळाला नाही, बॅटरी गोंदाने चिकटवलेली, स्क्रू उघडायला खास अवजार लागतं, अशा हजारो ओळी जमल्या की तक्रारीचा पुरावा होतो, आणि दुरुस्तीच्या हक्काची मागणी करणाऱ्यांच्या हातात असा पुरावा असावा लागतो. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून फोन, लॅपटॉपसारख्या वस्तूंवर दुरुस्तीला किती सोपी याचे दहापैकी गुण छापायला लावले. युरोपियन युनियनने २०२४ मधे दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, आणि छोट्या उपकरणांमधली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यायला हवी हा नियम काही अपवाद वगळता फेब्रुवारी २०२७ पासून लागू होतोय. मागणी लोकांनी बरीच वर्षं लावून धरली तेव्हा कुठे हे आलं. तिथे वही घेऊन बसणाऱ्या माणसाला भाषण करावं लागत नाही.

मी पहिल्यांदा अशा एका जमण्यात गेले तेव्हा मला स्क्रू-ड्रायव्हर कसा धरायचा तेही धड माहीत नव्हतं. मला दारापाशी बसवलं, येणाऱ्याचं नाव आणि वस्तू लिहायला. एक आजी मिक्सर घेऊन आल्या होत्या, दोन तास थांबल्या, निघाली फक्त आतली एक तुटलेली तार. चालू झाल्यावर त्यांनी तो तीनदा बंद करून तीनदा लावून बघितला, आणि मग मला म्हणाल्या, मी हा टाकणार होते गं. मी घरी आले ती सरळ माझा बंद पडलेला रेडिओ शोधायला बसले. कार्बन किती वाचला ते मला आजही सांगता यायचं नाही, पण त्यानंतर घरात काही बंद पडलं की टाकायचा विचार आधी येत नाही, उघडायचा येतो.

भावाचं बोलणं लागलंय म्हणतेस. लागणारच, जवळच्याचं लागतं. पण तथ्य आहे म्हणतेस तिथे मी तुझ्याशी सहमत नाही. प्यायला पाणी लागतं म्हणून नदीबद्दल बोलू नये असं कोणी म्हणतं का? आज बँक फोनवर, नोकरी फोनवर, डॉक्टरची वेळ फोनवर, फोन सोडणं म्हणजे या सगळ्यातून बाहेर पडणं. बॅटरी चिकटवायची हे तू ठरवलं नाहीस, चार वर्षांत अपडेट बंद करायचे हेही तू ठरवलं नाहीस. जो वापरतो त्यालाच तर कळतं कुठे काय खटकतंय. फोन न वापरणाऱ्यांनीच बोलायचं ठरलं तर बोलायला उरेल कोण? त्याच्याशी वाद घालत बसू नकोस मात्र, त्याच्याकडे बंद पडलेलं काहीतरी असेलच, ते घेऊन त्याला एकदा तुझ्याबरोबर ने.

आता झाडांचा तुझा अनुभव. तो एकट्या तुझा नाही. फार वर्षांपूर्वी मीही एका मोठ्या वृक्षलागवडीला गेले होते, टोप्या, बॅनर, सगळं. पुढच्या उन्हाळ्यात मुद्दाम बघायला गेले तर खड्डे दिसत होते आणि काही ठिकाणी नुसत्या काठ्या, त्यांना बांधलेली सुतळी तशीच. मला रडूच आलं तिथे. त्यानंतर दोन वर्षं मी कुठल्याच ग्रुपकडे फिरकले नाही, सगळेच तसले असतात असं धरून चालले, आणि ती माझी चूक झाली कारण त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला सात-आठ माणसं दर रविवारी कॅन घेऊन पाणी घालत होती, बॅनर नव्हता म्हणून मला दिसली नाहीत. त्यांनी मोजकीच रोपं लावली होती. त्यातली बहुतेक आज माझ्या डोक्याच्या वर गेलीत.

तेव्हापासून ग्रुपमधे जायच्या आधी मी एकच विचारते, मागच्या वर्षी केलेल्या कामाचं आज काय झालंय, दाखवाल का. झाडांचा ग्रुप असेल तर किती लावली ते नाही, किती जगली. साफसफाईचा असेल तर गोळा केलेला कचरा गेला कुठे, आणि तो कुठून येतोय याचा माग काढला का, कारण त्याच ओढ्यात दर महिन्याला त्याच पिशव्या उचलत राहणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. ई-कचरा गोळा करणारा असेल तर पुढे कोणाला देतात, त्याच्याकडे परवाना आहे का, पोचपावती आहे का. चांगले लोक या प्रश्नाने चिडत नाहीत, उलट खुश होतात, जाऊन दाखवतात, जे मेलं तेही दाखवतात. जिथे उत्तराऐवजी फोटोंचा अल्बम येतो तिथून नम्रपणे निघ. अजून एक बघ, तो ग्रुप कधी नाही म्हणतो का. गवताळ माळरान दिसलं की रिकामी जागा म्हणून तिथे झाडं ठोकणारे खूप आहेत, पण माळरान हे माळरान म्हणूनच जिवंत असतं, जमिनीवर घरटी करणारे पक्षी तिथे असतात, झाडं लावून ते जातात. इथे लावायची नाहीत असं सांगणारा माणूस ज्या ग्रुपमधे असेल आणि त्याचं ऐकलं जात असेल, तो ग्रुप धर.

ई-कचऱ्याच्या पोचपावतीवर मी अडून बसते त्याला कारण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी काढलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ मधे जगात ६२ अब्ज किलो ई-कचरा झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. बाकीच्यातला काही तुझ्यासारख्यांच्या ड्रॉवरमधे, काही जमिनीत, आणि काही उघड्यावर, जिथे तांब्यासाठी वायरी जाळतात आणि सोन्यासाठी बोर्ड ॲसिडमधे बुडवतात, आणि हे काम बऱ्याच ठिकाणी लहान मुलं करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मधे खास या मुलांवर आणि अशा ठिकाणी काम करणाऱ्या गरोदर बायकांवर अहवाल काढून इशारा दिला होता. म्हणजे चांगल्या मनाने दिलेला फोन चुकीच्या हाती गेला तर तो एखाद्या मुलाच्या फुफ्फुसात जातो. योग्य हाती गेला तर काय होतं तेही सांगते, टोकियो ऑलिम्पिकची सुमारे पाच हजार पदकं लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतून बनवली, एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ मधे जवळपास ७९ हजार टन उपकरणं जमली, त्यात ६२ लाखांवर मोबाइल होते, आणि त्यातून ३२ किलो सोनं निघालं. खाणीत न उतरता.

फोन-लॅपटॉपशी संबंध नसलेला ग्रुपही चालेल, बरं का. दिवसभर स्क्रीन बघणाऱ्या माणसाला रविवारी पुन्हा सर्किट बघावंसं वाटलं नाही तर मी समजू शकते. मग पक्षी मोजायला जा. १९०० सालच्या २५ डिसेंबरला अमेरिकेत आणि कॅनडात मिळून २७ माणसांनी पक्ष्यांची शिकार करण्याऐवजी ते मोजायचं ठरवलं, २५ ठिकाणी, ती मोजणी अजून दर वर्षी चालू आहे आणि शंभरावर वर्षांच्या नोंदींमुळे कोणता पक्षी कमी होतोय ते आज सांगता येतं. आता तर ईबर्ड (पक्ष्यांसाठी) आणि आयनॅचरलिस्ट (सगळ्याच सजीवांसाठी) या वेबसाइटवर कोणीही नोंद टाकू शकतं. शांत लोकांसाठी याच्यासारखं काम नाही, तिथे बोललीस तर उलट रागावतील.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते आणि ही तुझ्या पेशाच्या लोकांसाठीच आहे. पहिले तीन महिने ॲप बनवायचं नाही, वेबसाइट सुधारायची नाही, सगळ्यांना नव्या चॅट ग्रुपवर न्यायचं नाही. तू कॉम्प्युटरवाली म्हटल्यावर पहिल्याच दिवशी कोणीतरी तुला हे मागेल आणि तुलाही बरं वाटेल, ओळखीचं काम ना. पण मग तू पुन्हा स्क्रीनसमोरच बसशील, त्या जागेशी आणि माणसांशी ओळख व्हायच्या आधी, आणि जे बनवशील ते तू गेल्यावर कोणी वापरणार नाही. आमच्याकडे एका उत्साही मुलाने दोन महिने खपून झाडांच्या नोंदीचं सुरेख ॲप केलं, पाणी घालणाऱ्या काकांच्या हाताला माती असायची, ते कुठे फोन काढणार, ते वहीतच लिहीत राहिले. तो मुलगा नाराज होऊन गेला, चांगला मुलगा होता, काकांबरोबर चार रविवार पाणी घातलं असतं तर त्याला आपोआप कळलं असतं की इथे खिशात मावणारी वही आणि महिन्यातून एकदा ती एक्सेलमधे चढवणारं कोणीतरी हवंय. तीन महिन्यांनंतर तुला स्वतःलाच दिसेल काय हवंय.

वेळेचं म्हणशील तर दोन तास पुष्कळ झाले. पंधरा दिवसांतून एकदा गेलीस तरी चालेल पण ठरलेल्या दिवशी जा, कारण असे ग्रुप महिन्यातून एकदा शंभर लोक आल्याने चालत नाहीत, तेच सहा जण न चुकता आल्याने चालतात. आणि एकच ग्रुप धर. अपराधीपणाच्या भरात माणूस चार ठिकाणी नाव घालतं आणि सगळीकडून सटकतं.

पहिल्या जमण्याला तुझा टॅब घेऊन जा. बंद पडलाय म्हणतेस म्हणजे बहुतेक बॅटरी किंवा चार्जिंगचा पोर्ट असेल, बघतील ते. दोन धड फोन द्यायचे असतील तर त्यातलं हवं ते काढून घे, सिम आणि मेमरी कार्ड काढ, आणि आधी सगळ्या अकाउंटमधून लॉग आउट करून मगच फॅक्टरी रिसेट मार. हा क्रम लोक विसरतात आणि चांगला चालणारा फोन जुन्या मालकाच्या अकाउंटला कुलूपबंद राहतो, पुढच्याला उपयोग शून्य, मग तोही भंगारात. चार्जर अकराचे अकरा ने, तिथे कोणाला तरी हवेच असतात. आणि जुना कॉम्प्युटर कोणाकडे विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मधे संपला म्हणून टाकायच्या बेतात असेल तर सांग त्यांना थांबायला, बऱ्याच अशा मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकली तर ती व्यवस्थित चालते, आणि ती टाकून, तासभर वापरून, काय चालतंय काय नाही याची यादी करून देणं तुला डाव्या हाताचं काम आहे.

फुगलेल्या बॅटरीचा फोन मात्र बॅगेत टाकून नेऊ नकोस. तो चार्जिंगला लावायचा नाही, दाबून बघायचा नाही, टोचायचा तर अजिबात नाही, आग लागते. ड्रॉवरमधून आजच बाहेर काढ, कोरडी वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेव, पडदे-कागद-कपड्यांपासून लांब, आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्राला आधी फोन करून विचार की फुगलेली बॅटरी घेता का आणि कशी आणू, कारण सगळे घेत नाहीत. नेहमीच्या कचऱ्यात तर चुकूनही टाकू नकोस, कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली की पेट घेते आणि तिथे माणसं काम करत असतात. हे रविवारच्या आधी उरकून घे. आणि टॅबचं काय निघालं ते मला नक्की कळव, चालू झाला तरी आणि नाही झाला तरी.

— ताई